तीन टोनचा अडसर: लँडलाइनवरचे यांत्रिक स्पॅम कॉल परतवण्याची पद्धत

पुण्यात लँडलाइन अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. दवाखान्यात आहे, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात आहे, सोसायटीच्या ऑफिसात आहे. ज्या घरात आई-वडील दोघंच राहतात आणि मुलं परगावी असतात, तिथे तर हमखास आहे. फायबर इंटरनेट घेतलं की ०२० चा नंबर सोबत येतो आणि तोच वर्षानुवर्षे सगळ्या नातेवाइकांच्या वहीत लिहिलेला असतो. या फोनवर दुपारी जेवण उरकून जरा आडवं व्हावं, तर कर्जाची जाहिरात येते, प्लॉटची येते, नाहीतर "तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा" असा ध्वनिमुद्रित आवाज येतो. शेवटचा प्रकार सरळसरळ फसवणुकीचा आहे आणि त्याचं लक्ष्य बहुतेक वेळा वयस्कर माणूसच असतो. म्हणून हा लेख मुख्यतः लँडलाइनसाठी आहे. मोबाइलचं गणित वेगळं आहे, त्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

हे कॉल माणूस लावत नाही. डायलर नावाची संगणकप्रणाली यादीतले नंबर एकामागून एक लावते, पलीकडे काय झालं ते ऐकते आणि माणूस सापडला तरच कॉल पुढे देते. यंत्र ऐकतं, म्हणूनच त्याला काहीतरी ऐकवता येतं. टेलिफोनच्या जगात "हा नंबर आता चालू नाही" हे यंत्राला सांगण्याची एक ठरलेली खूण आहे: चढत्या क्रमाने वाजणारे तीन टोन. स्पेशल इन्फॉर्मेशन टोन या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला एसआयटी म्हणतात. आपल्या लाइनवर ही खूण योग्य क्षणी वाजली, तर ती ओळखणारा डायलर आपला नंबर बंद समजून यादीतून काढून टाकतो.

ही युक्ती जुनी आहे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टेलिझॅपर नावाचं छोटं उपकरण घरोघरी विकलं गेलं. फोन उचलला की ते या खुणेतला पहिला टोन वाजवत असे. त्या काळात डायलरमध्ये डायलॉजिकसारख्या कंपन्यांची टेलिफोनी कार्डं असायची आणि असे टोन ओळखण्याची सोय त्यांत होती. आजचे बरेच डायलर निव्वळ सॉफ्टवेअर आहेत. त्यांतले काही टोन ऐकतात, काही फक्त नेटवर्ककडून येणारा सांकेतिक निरोप वाचतात, आणि काही कशाचीच पर्वा करत नाहीत. तेव्हा टोन हा एक थर समजा. त्यासोबत बाकीचे थरही लावायला हवेत.

यंत्र कसं ठरवतं, हे आधी समजून घ्या

कॉल लागण्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात पलीकडे रिंग वाजत असते, कॉल अजून उचललेला नसतो आणि बिल सुरू झालेलं नसतं. दुसरा भाग उचलल्यावर सुरू होतो. "हा नंबर अस्तित्वात नाही" ही नेटवर्कची घोषणा पहिल्या भागात, म्हणजे उचलण्याआधी ऐकू येते. तेव्हा आपला टोन त्याच वेळी वाजला तर तो अगदी खऱ्यासारखा दिसतो. फोन उचलून मग टोन वाजवला, तर नेटवर्क डायलरला आधीच सांगून बसलेलं असतं की कॉल उचलला गेला. जे डायलर नेटवर्कच्या या निरोपाला पहिला मान देतात, त्यांच्यावर नंतरच्या टोनचा परिणाम होत नाही. जे उचलल्यानंतरही काही सेकंद आवाज तपासतात, त्यांच्यावर होतो.

उचलल्यानंतरची ही तपासणी कशी चालते, तेही बघून ठेवा. अॅस्टरिस्क हे मुक्त टेलिफोन सॉफ्टवेअर आपल्याकडच्या कॉल सेंटरमध्ये बरंच वापरलं जातं, आणि व्हिसीडायल हा डायलर त्यावरच उभा आहे. अॅस्टरिस्कमध्ये आन्सरिंग मशीन ओळखण्याचा एक भाग आहे. त्याच्या मूळ सेटिंगनुसार, उचलल्यावर अडीच सेकंद पूर्ण शांतता राहिली तर पलीकडे मशीन आहे असा निष्कर्ष निघतो. पहिलं बोलणं सलग दीड सेकंदापेक्षा लांबलं तरी मशीन. छोटंसं "हॅलो" आणि मग सुमारे पाऊण सेकंद शांतता, तर माणूस. तुम्ही "हॅलो" म्हणता, पलीकडून क्षणभर काहीच येत नाही आणि मग अचानक कुणीतरी बोलू लागतं, त्याचं कारण हेच. तेवढ्या वेळात यंत्र निकाल देतं आणि मोकळ्या एजंटकडे कॉल सोपवतं.

टोन कोणता निवडायचा

इथे बहुतेक लोक घाईने एक फाइल उतरवून घेतात आणि तीच लावतात. माझ्या मते खरी निवड इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१८० या शिफारशीप्रमाणे तीन टोन अनुक्रमे ९५०, १४०० आणि १८०० हर्ट्झचे असतात. प्रत्येकात ५० हर्ट्झ कमी-जास्त चालतात. प्रत्येक टोन ३३० मिलिसेकंद वाजतो, त्यात ७० मिलिसेकंदांची सूट आहे. दोन टोनमधलं अंतर ३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त नसावं. तीन टोन झाले की साधारण एक सेकंद शांतता.

अमेरिकेत याच चौकटीत बसवलेली, पण अधिक बारकाईची पद्धत वापरतात. तिथे पहिला टोन ९१३.८ किंवा ९८५.२ हर्ट्झ असतो, दुसरा १३७०.६ किंवा १४२८.५, आणि तिसरा कायम १७७६.७. लांबीही दोनच प्रकारची: आखूड २७४ मिलिसेकंद आणि लांब ३८०. यांच्या जुळणीतून यंत्राला कारण कळतं. नंबर बंद किंवा बदललेला असेल तर एक जुळणी, नंबरच अस्तित्वात नसेल तर दुसरी, सगळ्या लाइन व्यस्त असतील तर तिसरी.

आता ९१३.८ आणि ९८५.२ यांचा मध्य काढा: ९४९.५. १३७०.६ आणि १४२८.५ चा मध्य जवळपास १४००. २७४ आणि ३८० चा मध्य ३२७. म्हणजे आंतरराष्ट्रीय टोन बरोबर मधोमध पडतो. नुसतं "ही एसआयटी आहे का" एवढंच तपासणाऱ्या डायलरला तो चालतो, पण कारण वाचू पाहणाऱ्या डायलरला त्यातून नेमकं काहीच कळत नाही. उलट चुकून "लाइन व्यस्त" ही जुळणी वापरली, तर डायलर तुम्हाला थोड्या वेळाने पुन्हा कॉल लावेल, कारण व्यस्त म्हणजे चालू नंबर.

म्हणून मी "नंबर बंद" या अर्थाची जुळणी सुचवतो: ९१३.८ हर्ट्झ २७४ मिलिसेकंद, मग १३७०.६ हर्ट्झ २७४ मिलिसेकंद, मग १७७६.७ हर्ट्झ ३८० मिलिसेकंद. ही आंतरराष्ट्रीय मर्यादेतही बसते, त्यामुळे दोन्ही प्रकारचे डायलर तिला एसआयटी म्हणून ओळखू शकतात.

ऐकायला येणाऱ्या बाकीच्या टोनशी हिची गल्लत करू नका. आपल्याकडची एंगेज टोन ४०० हर्ट्झची असते, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. ती वाजवली तर अर्थ होतो "नंतर करा". बटण दाबल्यावर ऐकू येणारे आवाज दोन-दोन वारंवारतांचे असतात आणि त्यांचा इथे काही संबंध नाही.

फाइल तयार करणे

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. ध्वनी संपादनाचा अनुभव नसला तरी दहा-पंधरा मिनिटांत काम होतं.

१. नवीन प्रोजेक्ट उघडा आणि प्रोजेक्टचा दर ८००० हर्ट्झ करा. टेलिफोनच्या डिजिटल जाळ्यात आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, म्हणून आधीपासून तोच दर ठेवला की नंतर रूपांतरात टोन बिघडत नाही.

२. जनरेट मेनूतून टोन निवडा. लहरीचा प्रकार साइन ठेवा, वारंवारता ९१३.८, कालावधी ०.२७४ सेकंद. अॅम्प्लिट्यूड ०.३ पुरेशी आहे. जोरात वाजवल्याने यंत्राला जास्त ऐकू येत नाही. आवाज फाटतो आणि फाटलेला टोन ओळखूच येत नाही.

३. कर्सर पहिल्या टोनच्या अगदी शेवटी न्या आणि त्याच ट्रॅकवर दुसरा टोन तयार करा, त्याच्या शेवटी तिसरा. मध्ये मोकळी जागा सोडण्याची गरज नाही.

४. शेवटी जनरेट मेनूतूनच एक सेकंदाची शांतता जोडा.

५. एक्सपोर्ट करताना वेव्ह, १६ बिट, मोनो निवडा. एमपी३ नको. एमपी३ फाइलचा आकार कमी करण्यासाठी जी काटछाट करते ती माणसाच्या कानाला कळत नाही, पण मोजमाप करणाऱ्या यंत्राला कळू शकते.

६. अॅनालाइझ मेनूत स्पेक्ट्रम दाखवण्याची सोय आहे. एकेक टोन निवडून शिखर बरोबर जागी येतं का बघा. ८००० चा दर असल्यामुळे आलेख ४००० हर्ट्झपर्यंतच दिसेल, ते योग्यच आहे.

घरात फक्त आन्सरिंग मशीन असेल तर

कॉर्डलेस फोनच्या संचात आन्सरिंग मशीन असतं, अनेकांनी ते कधी चालूच केलेलं नसतं. हीच सगळ्यात सोपी आणि बिनखर्चाची वाट आहे. मशीनमध्ये स्वागताचा संदेश ध्वनिमुद्रित करताना आधी टोनची फाइल मोबाइलवर वाजवा, मोबाइलचा स्पीकर हँडसेटच्या मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर धरा, आणि लगेच आपल्या आवाजात बोला. पंखा बंद ठेवा, खोलीची दारं लावा.

बोलायचं काय, याला महत्त्व आहे. "हा नंबर अस्तित्वात नाही" असं खोटं सांगू नका. खरा माणूसही ते ऐकून फोन ठेवून देईल. त्यापेक्षा असं म्हणा: "नमस्कार. आत्ता वाजलेला आवाज जाहिरातीच्या यंत्रांसाठी होता. तुम्ही फोन ठेवू नका, आपलं नाव सांगा, आम्ही लगेच उचलतो." यंत्राने टोन ऐकून निर्णय घेतलेला असतो, माणसाला संदेश मिळतो, आणि घरातली मंडळी स्पीकरवर नाव ऐकून फोन उचलू शकतात. वयस्कर नातेवाइकांना आधी फोन करून हे सांगून ठेवा. विचित्र आवाज ऐकून मावशी घाबरल्या आणि त्यांनी फोन करणंच सोडून दिलं, असं व्हायला नको.

मशीन किती रिंगनंतर उचलेल हे ठरवता येतं. ज्येष्ठांना फोनपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तेव्हा फार कमी रिंग ठेवू नका. या पद्धतीत टोन उचलल्यानंतर वाजतो, ही तिची मर्यादा आहे. तरीही ध्वनिमुद्रित आवाजाचे कॉल बऱ्यापैकी अडतात, कारण टोन न ओळखणाऱ्या यंत्रालाही लांब संदेशामुळे मशीन लागल्याचं वाटतं.

दवाखाना, दुकान, ऑफिस: स्वतःचा छोटा एक्स्चेंज

रोज खूप कॉल येत असतील तर अॅस्टरिस्क किंवा त्यावर आधारलेलं फ्रीपीबीएक्स बसवा. फ्रीपीबीएक्स ब्राउझरमधून चालवता येतं, कमांड पाठ असण्याची गरज नाही. चालवायला जुना संगणक पुरतो. अॅस्टरिस्क नुसतं बसवायचं असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकसुद्धा पुरे. तांब्याची तार किंवा फायबरच्या राउटरमागचं फोनचं भोक या एक्स्चेंजला जोडायला एफएक्सओ पोर्ट (बाहेरची लाइन आत घेणारा जोड) असलेला गेटवे, म्हणजे लाइन आणि संगणक जोडणारं छोटं उपकरण, लागतो. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी८१३ मध्ये एक एफएक्सओ आणि एक साध्या फोनसाठीचा पोर्ट, असे दोन्ही आहेत. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारताना "एफएक्सओ" हा शब्द पुन्हा पुन्हा स्पष्ट सांगा. दिसायला तसाच असलेला, फक्त फोन जोडायचा गेटवे हातात पडला तर तो या कामाचा नाही.

गेटवे जोडला की आधी कॉलरचा नंबर नीट येतो का बघा. लाइननुसार तो एफएसके किंवा डीटीएमएफ पद्धतीने येतो आणि गेटवेत ती पद्धत जुळवावी लागते. नंबरच दिसत नसेल तर पुढचं काहीच जमणार नाही, म्हणून ही पायरी सोडून पुढे जाऊ नका.

यानंतर कॉलची वाट ठरवायची. माझ्या पसंतीचा क्रम असा. ओळखीच्या नंबरांची यादी एक्स्चेंजमध्ये भरा: नातेवाईक, नेहमीचे रुग्ण किंवा ग्राहक, सोसायटीचा वॉचमन, मुलांची शाळा, गॅसची एजन्सी, रुग्णालय. यादीतला नंबर आला की थेट रिंग. यादीत नसलेला नंबर आला की टोन, मग लगेच मराठीत छोटा संदेश: "बोलण्यासाठी ५ दाबा." ५ दाबलं तर रिंग वाजेल, नाही दाबलं तर काही सेकंदांनी कॉल बंद. हे दार टोनइतकंच उपयोगी आहे. टोनला न जुमानणारं यंत्रही इथे अडकतं, कारण ध्वनिमुद्रण वाजवणारा डायलर आपणहून ५ दाबत नाही. आणि माणसाला एक बटण दाबण्यापलीकडे त्रास नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांनी ५ न दाबणाऱ्यालाही शेवटी निरोप ठेवण्याची सोय द्यावी. रुग्णालयातून येणारा फोन कधी कुठल्या नंबरवरून येईल, सांगता येत नाही.

फ्रीपीबीएक्समध्ये आणखी एक तयार सोय आहे. कॉल कुठे पाठवायचा हे निवडताना "टर्मिनेट कॉल" या गटात एसआयटी टोन वाजवण्याचा पर्याय दिसतो. त्यामागे अॅस्टरिस्कचा झॅपटेलर हा भाग काम करतो आणि तो ९५०, १४०० आणि १८०० हर्ट्झचे प्रत्येकी ३३० मिलिसेकंदांचे टोन वाजवतो. म्हणजे आंतरराष्ट्रीय मधला टोन. ज्या नंबरांवरून वारंवार त्रास होतो, त्यांना सरळ इथे पाठवा. आपण बनवलेली "नंबर बंद" जुळणी वापरायची असेल तर ती फाइल सिस्टिम रेकॉर्डिंगमध्ये चढवा आणि अनाउन्समेंटमध्ये लावा.

एफएक्सओ गेटवेवर लाइन उचलल्याशिवाय टोन बाहेर जात नाही, कारण तांब्याच्या जोडीवर उचलण्याआधी बोलण्याचा मार्गच उघडलेला नसतो. तुमच्याकडे कंपनीने दिलेली एसआयपी ट्रंक असेल, म्हणजे लाइन थेट इंटरनेट प्रोटोकॉलवर येत असेल, तर उचलण्याआधी आवाज पाठवता येतो. अनाउन्समेंटमध्ये "चॅनेल उचलू नका" असा पर्याय आहे, तो चालू करा. कंपनी हा आवाज पलीकडे पोहोचवते की नाही, हे मात्र तपासूनच कळतं. पोहोचवत असेल तर यापेक्षा चांगली वाट नाही.

एसआयपी ट्रंकवर टोनशिवायही एक काम करता येतं. अॅस्टरिस्कमध्ये कॉल तोडताना कारणाचा क्रमांक देता येतो. कारण १ म्हणजे "असा नंबर दिलेलाच नाही". ते दिलं की समोरच्याला ४०४ हा संकेत जातो. नेटवर्कचे निरोप वाचणाऱ्या डायलरला हा संकेत टोनपेक्षा जास्त स्पष्ट कळतो. जे नंबर नक्की त्रासदायक आहेत, त्यांच्यासाठीच हे वापरा. अनोळखी प्रत्येकाला ४०४ देऊ नका, नाहीतर शाळेचा किंवा बँकेचा खरा यांत्रिक कॉलही तुमचा नंबर कायमचा काढून टाकेल.

कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल करण्याची पद्धत, विचारला तर जी.७११ ए-लॉ निवडा. भारतातलं टेलिफोनचं जाळं त्याच पद्धतीवर आहे. जी.७२९ कमी जागेत बोलणं बसवतं, पण ते माणसाच्या आवाजासाठी घडवलेलं आहे, शुद्ध टोन त्यात वेडावाकडा होतो.

कायद्याची एक गोष्ट. हा एक्स्चेंज फक्त आपल्या घरातल्या किंवा ऑफिसातल्या फोनसाठी ठेवा. इंटरनेटवरून आलेले बाहेरच्या लोकांचे कॉल सार्वजनिक लाइनवर सोडणं म्हणजे बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज चालवणं, आणि त्यावर फौजदारी कारवाई होते. परदेशातल्या मुलाला घरचा एक्स्चेंज वापरू देण्याची कल्पना कितीही सोयीची वाटली तरी करू नका. शिवाय एक्स्चेंज इंटरनेटला उघडा ठेवलात तर दुसरंच कुणीतरी तुमच्या लाइनवरून कॉल करेल. पासवर्ड मोठे ठेवा आणि राउटरमध्ये बाहेरून आत येणारी वाट बंद ठेवा.

वीज गेली की राउटर, गेटवे आणि एक्स्चेंज तिन्ही बंद. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा हे हमखास होतं. छोटा यूपीएस लावा, आणि ज्येष्ठ एकटे राहत असतील तर मोबाइल चार्ज असल्याची खात्री वेगळी करा.

तपासून बघा

शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून, म्हणजे यादीत नसलेल्या नंबरवरून, आपल्या लँडलाइनला कॉल लावा आणि पलीकडे ऐकू येणारा आवाज ध्वनिमुद्रित करा. ती फाइल ऑडॅसिटीत उघडून स्पेक्ट्रम बघा. तिन्ही शिखरं आपल्या जागी असतील आणि टोनच्या लांबीत फारसा फरक नसेल तर काम झालं. पहिल्या टोनचा सुरुवातीचा तुकडा कापला गेलेला दिसला, तर फाइलच्या सुरुवातीला पाव सेकंद शांतता घाला. कॉल जोडला जाताना पहिला क्षण अनेकदा गळतो, आणि अर्धवट टोन डायलरच्या मापात बसत नाही.

मग ओळखीच्या नंबरवरून लावा, तो थेट वाजला पाहिजे. ५ दाबून बघा, न दाबता बघा. शेवटी एका आजोबांना किंवा आजींना बाहेरून कॉल करायला सांगा आणि त्यांना संदेश समजतो का, वेळेत ५ दाबता येतं का ते पाहा. बटण दाबायला दिलेला वेळ तरुणांच्या वेगाने ठरवू नका.

मोबाइलवर काय

मोबाइलवर टोनची फाइल स्पीकरने वाजवून उपयोग होत नाही. कॉल आधीच उचललेला असतो, आणि फोनमधली गोंगाट कमी करणारी यंत्रणा सलग एकसुरी आवाजाला गोंगाट समजून दाबू शकते. इथे कामाला येते ती वर सांगितलेली मशीन ओळखण्याची पद्धत. अनोळखी कॉल उचललात तर लगेच "हॅलो" म्हणू नका. तीन सेकंद गप्प राहा. माणूस असेल तर तोच आधी बोलेल. यंत्र असेल तर बहुतेकदा कॉल आपोआप तुटेल. धंद्यामुळे गप्प राहणं शोभत नसेल तर एका दमात लांब बोला: "नमस्कार, कर्वे रोडवरचं क्लिनिक, डॉक्टर संध्याकाळी पाचला येतात, आपलं नाव सांगा." सलग दीड सेकंदापेक्षा लांब वाक्य ऐकून यंत्राचा अंदाज मशीनकडे झुकतो. अर्थात मशीन म्हणून नोंदलेल्या नंबरला पुन्हा कॉल येतो, बंद नंबर म्हणून नोंदलेल्याला येत नाही. म्हणून हा उपाय तेवढ्यापुरता.

ध्वनिमुद्रित आवाज सांगेल ते कुठलंही बटण दाबू नका, "यादीतून नाव काढण्यासाठी" सांगितलेलं बटणसुद्धा नाही. दाबलेलं बटण म्हणजे चालू नंबरामागे ऐकणारा माणूस आहे, याचा पक्का पुरावा.

तक्रार, म्हणजे मुळावर घाव

टोन आपलं दार राखतो, कॉल करणाऱ्याला थांबवत नाही. त्यासाठी १९०९ हा नोंदणीचा आणि तक्रारीचा नंबर आहे. मोबाइलवरून इंग्रजी अक्षरांत स्टार्ट, एक जागा आणि शून्य असा संदेश १९०९ ला पाठवला की सगळे जाहिरातीचे कॉल आणि संदेश बंद करण्याची नोंद होते. लँडलाइनवरून १९०९ ला फोन करा. बँक, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य असे गट निवडून काहींना परवानगीही देता येते. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायचं डीएनडी (म्हणजे जाहिराती नकोत) अॅपही आहे.

नोंदणीकृत जाहिरातदारांनी १४० ने सुरू होणारे नंबर वापरायचे असतात, आणि बँका, विमा यांसारख्या संस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ची मालिका ठेवली आहे. साध्या दहा अंकी नंबरवरून जाहिरात आली तर कॉल करणारा नियम मोडतो आहे. फेब्रुवारी २०२५ मधल्या बदलानंतर अशा कॉलची तक्रार सात दिवसांत करता येते, आधी ही मुदत तीन दिवसांची होती. अनोंदणीकृत कॉलरविरुद्ध तक्रार करायला आपण स्वतः डीएनडीत नोंदलेलं असण्याची अट आता नाही. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तर कंपनीला त्या नंबरवर कारवाई करावी लागते. म्हणून सोसायटीत एकच कॉल अनेकांना आला असेल तर सगळ्यांनी तक्रार करा. व्हॉट्सअॅप गटावर नंबर टाकून "सावध राहा" लिहिल्याने कंपनीकडे काहीच पोहोचत नाही.

"नंबर बंद होणार", "पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले", "तुमच्यावर गुन्हा दाखल आहे" अशा कॉलसाठी सरकारच्या संचार साथी पोर्टलवरचा चक्षू हा तक्रारीचा विभाग वापरा. ही सोय मार्च २०२४ पासून आहे. पैसे गेले असतील तर चक्षूची वाट बघू नका, त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या तासांतच सगळ्यात जास्त असते. हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून आई-वडिलांच्या फोनशेजारी चिकटवा.

एक्स्चेंज बसवला असेल तर दर आठवड्याला कॉलची नोंद उघडून बघा. ५ दाबून आत आलेले खरे नंबर यादीत घाला, म्हणजे पुढच्या वेळी त्यांना टोन ऐकावा लागणार नाही. टोनवर तुटलेल्या कॉलमध्ये एखादा ओळखीचा नंबर दिसला तर त्याला स्वतः फोन करून विचारा. पहिले काही आठवडे ही यादी वाढत राहते, मग हळूहळू स्थिरावते, आणि तेव्हा महिन्यातून एकदा बघितलं तरी चालतं.